उत्तरेकडची वळचण

६ मार्च १८७१, सोमवार

आजपासून ही नवी वही. श्रूसबरीचे वास्तुविशारद आज टेप घेऊन दिवसभर चर्चमध्ये फिरले आणि निघताना म्हणाले की कामाची नोंद ठेवा, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. नोंदी ठेवण्यात मी, इओरवर्थ प्रिदरख, लानवेदवेनचा पाळक, पहिल्यापासून पटाईत आहे. काम पुरं करण्यात किती पटाईत आहे ते ६ ऑगस्टला कळेल. त्या दिवशी बिशप येणार आहेत.

आमचं चर्च म्हणजे एकच लांबोडकी खोली. वर ओकच्या कमानींचं छप्पर, खाली खाचखळग्यांची फरसबंदी, आणि मधोमध जुन्या सुतारांनी कोरलेली लाकडी जाळी. तिच्या चौदा चौकटी आहेत आणि एकीची नक्षी दुसरीत सापडत नाही. विशारदांना ती काढून टाकायची होती, कारण तिच्यामुळे लोकांना वेदी नीट दिसत नाही. मी म्हटलं, चारशे वर्षं दिसली नाही, आणखी थोडी वर्षं नाही दिसली तरी चालेल. मग ते भिंतींकडे वळले. तिथे मात्र त्यांचंच खरं होतं.

छपराला पन्हळच नाही. पाणी पाखांवरून उतरतं आणि थेट भिंतीच्या पायाशी पडतं. दक्षिणेची भिंत उन्हानं सुकते. उत्तरेची बारा महिने ओली असते. आणि माझं चित्र नेमकं उत्तरेच्या भिंतीवर आहे.

गेल्या हिवाळ्यात तिथला चुन्याचा पोपडा पडला आणि आतून एक लाल पंख दिसला. तेव्हापासून मी हाडाच्या सुरीनं रोज वीतभर चुना काढतो आहे. देवदूत तराजू धरून उभा आहे आणि मेलेल्यांचे आत्मे तोलतो आहे. एका पारड्यात हात जोडलेलं इवलंसं माणूस, दुसऱ्यात ते पारडं खाली ओढणारी भुतं. बाजूला उभी असलेली येशूची आई मरिया दांडीवर हळूच बोट ठेवून माणसाचं पारडं जड करते आहे. मापात लबाडी, आणि तीही चर्चच्या भिंतीवर! बिशपना मी याबद्दल लिहिलं. ते अशा चित्रांचे जाणकार आहेत. उलट टपाली त्यांचं उत्तर आलं की स्वतः येऊन पाहीन. हे उत्तर मी किती वेळा वाचलं ते इथे लिहीत नाही.

उपाय ठरला. दोन्ही बाजूंना बिडाची पन्हळ, आणि उत्तरेला भिंतीलगत तीन फूट खोल चर खणून पाण्याला वाट.

विशारदांची घोडागाडी वळणापलीकडे गेल्यावर शादरक दाराशी टांगलेल्या लाकडी चिमट्याकडे बघत उभा राहिला. हा आमचा घंटा वाजवणारा आणि कबरी खणणारा. उपासना चालू असताना मेंढपाळांची कुत्री भांडली की त्या चिमट्यानं मान धरून त्यांना बाहेर काढतात.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "हा फक्त कुत्र्यांनाच लावायचा असा काही नियम आहे का?"

जेवताना गेनोरला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "दोन्ही बाजूंना?" मी हो म्हटलं. मग ती उठून चुलीपाशी गेली. माझ्या बायकोला बांधकामात फारसा रस नाही.

२२ मार्च, बुधवार

आज एक चांगली गोष्ट लक्षात आली. उत्तरेच्या वळचणीखाली, पागोळ्या पडतात बरोबर त्या रेषेत, पांढऱ्या गारगोट्या मांडलेल्या आहेत. मुठीएवढ्या, एकसारख्या नदीतल्या गोट्या, भिंतीपासून हातभर अंतरावर. पाणी आपटून चिखल उडू नये म्हणून जुन्या लोकांनी केलेली ही योजना असणार. मोजल्या, एक्केचाळीस भरल्या. पन्हळ बसली की त्यांचा काही उपयोग उरणार नाही. फाटकापासून दारापर्यंतच्या पायवाटेच्या कडेला लावल्या तर छान दिसतील. शादरकला तसं सांगितलं. तो म्हणाला, बरं. पण ज्या रीतीनं म्हणाला ती मला आवडली नाही. दुपारी मीच टोपली घेऊन त्या उचलल्या आणि वाटेला लावल्या.

२४ मार्च, शुक्रवार

गारगोट्या परत वळचणीखाली गेल्या आहेत. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, आपापल्या जागी. शादरकला विचारलं तर म्हणतो, मेंढ्यांनी नेल्या असतील. मी त्याला विचारलं की आमच्या मेंढ्यांना मोजता कधीपासून यायला लागलं. तो म्हणाला, "डोंगरातल्या मेंढ्या आहेत साहेब, शहरातल्या नव्हेत."

माझा जन्म शहरातला, हे मला इथे नऊ वर्षांनंतरही आठवड्यातून एकदा तरी ऐकवलं जातं.

२ एप्रिल, फुलांचा रविवार

काल दिवसभर बायका कबरी घासत होत्या, चुना देत होत्या. आज सगळं आवार पिवळ्या डॅफोडिलांनी भरून गेलं होतं. हा रविवार मला फार आवडतो. कुणी मेलेलं माणूस विसरलं गेलंय असं या एका दिवशी तरी वाटत नाही.

उत्तरेच्या भिंतीच्या पायाशीही जांभळी रानफुलं पडली होती. तिथे कबरी नाहीत. कुणा पोरांनी हातातली उरलेली टाकली असतील. मी गोळा करून यूच्या झाडाखाली नीट ठेवली.

१७ एप्रिल, सोमवार

दक्षिणेची पन्हळ बसली. न्यूटाउनचे दोन कामगार आले होते, तीन दिवसांत काम संपलं. शादरकनं शिड्या धरल्या, शिव्या दिल्या, सगळं केलं. कुणाची काही हरकत दिसली नाही. पेंत्रे फार्मची बेती तर मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, झकास झालंय.

पाऊस आला तेव्हा मी आत चित्रापाशी होतो. दक्षिणेला पन्हळीतून पाणी गुणगुणत जात होतं, उत्तरेला पागोळ्यांची टपटप. बाहेर आलो तर गेनोर उत्तरेच्या बाजूला उभी, डोक्यावर शाल नाही, केस भिजलेले. विचारलं तर म्हणाली, कोंबडी शोधत होते. संध्याकाळी खोकला सुरू झाला. तिला या थंडीत नेमकी पावसातच बाहेर जायची लहर येते. पूर्वी असं नव्हतं.

हे १८६८ च्या नोव्हेंबरपासूनचं आहे. त्याबद्दल मी कधी लिहिलं नाही, पण वही खाजगी आहे म्हणून लिहितो. आम्हाला मुलगी झाली होती. तिनं श्वास घेतलाच नाही. बाप्तिस्मा झाला नाही म्हणजे प्रार्थना वाचता येत नाही, आवाराच्या पवित्र जमिनीत जागा देता येत नाही. नियम स्पष्ट आहे आणि मीच त्याचा राखणदार आहे. बेती सुईण होती. तिनं मला विचारलं, "आता काय करू?" मी म्हटलं, "तुम्ही बघा." आणि माझ्या खोलीत जाऊन रविवारचं प्रवचन लिहीत बसलो. बेतीनं काय केलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं, तर मला कदाचित काही मनाई करावी लागली असती. गेनोर त्याबद्दल बोलत नाही, तेव्हा मीही बोलत नाही. तिला त्रास नको.

९ मे, मंगळवार

उत्तरेचा चर अजून हातभरही खणला गेलेला नाही. शादरकची कारणं: जमीन गोठलेली आहे (मे महिन्यात). यूची मुळं आडवी येतात (यू दक्षिणेला आहे). फावड्याचा दांडा मोडला. नवा दिला तर गुडघा दुखतो. याच गुडघ्यानं त्यानं परवा म्हाताऱ्या हॉवेलची सहा फुटी कबर एका सकाळीत खणली.

रविवारी बाकं रिकामी होती. एकवीस माणसं, त्यात बायका फक्त चार. ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या पंथाच्या चॅपलमध्ये नवा उपदेशक आला आहे, त्याचा आवाज म्हणे बैलासारखा आहे. मी हे गेनोरला सांगून हसलो. ती म्हणाली, "चॅपलला कुणी गेलेलं नाही. बायका घरीच आहेत." कशाला, विचारलं तर म्हणाली की विचारा त्यांनाच. पाळकानं घरोघर जाऊन बायकांना असं विचारायचं?

२५ मे, गुरुवार

बेती आली होती. सत्तरीची असेल, पण पेंत्रेहून चालत येते. तिला ताक आणि ओटच्या भाकऱ्या दिल्या. बराच वेळ मेंढ्या आणि पाय या विषयांवर बोलली. मग म्हणाली, "पन्हळीतलं पाणी जाणार कुठे?"

मी समजावून सांगितलं: चरातून ओढ्याला.

"म्हणजे भिंतीपाशी काहीच पडणार नाही?"

"एक थेंब नाही," मी अभिमानानं म्हटलं.

तिनं ताकाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "दक्षिणेला हवी तर दोन लावा, बाळा. उत्तरेला राहू दे." मी तिला चित्राबद्दल सांगितलं, देवदूताचा पाय ओलीनं सुटत चाललाय ते, बिशपांबद्दल सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, भाकरी फडक्यात बांधली आणि निघाली. दारात गेनोरचा हात हातात घेऊन उभी राहिली. दोघींमध्ये एवढा जिव्हाळा आहे हे मला माहीत नव्हतं.

ही माणसं बदलाला भितात. तेवढंच आहे. पण मलाच मधूनमधून वाटतं की मी यांच्यापैकी कधीच होणार नाही.

१२ जून, सोमवार

 क्रमानं लिहितो, मला दुसरं काही येत नाही.

शनिवारी शादरकनं फावडं माझ्या दाराला टेकवून ठेवलं आणि निरोप दिला की हा चर त्याच्यानं होणार नाही. न्यूटाउनचे कामगार बुधवारी येणार होते. मी ठरवलं, आपणच सुरुवात करावी, म्हणजे लोकांना कळेल की पाळक कामाला लाजत नाही. न्याहारी झाल्यावर बाह्या सरसावून गेलो. ईशान्य कोपऱ्यापासून दोरी बांधली. दोन ढेकळं काढली. पहिली गारगोटी बाजूला सारली.

गेनोर आली. कोपरापर्यंत पीठ, तशीच. ती ओरडली नाही, धावलीही नाही. माझ्यासमोरून चालत पुढे गेली आणि दोरीवर, भिंतीला पाठ लावून बसली.

मी म्हटलं, "गेनोर, गवत ओलं आहे."

"ओलंच असतं इथे," ती म्हणाली. "म्हणून तर."

मला अजूनही कळलं नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी फावडं हातात धरून, आता हिला तापच भरणार, असा विचार करत उभा होतो.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, तिला कुठे ठेवलं," ती म्हणाली.

मग एकदम सगळं कळलं. गारगोट्या, फुलं, गुडघा, बेतीचं ताक पीत बसणं, सगळं. फावडं हातातून पडलं का मी टाकलं ते आठवत नाही.

ती हळू आवाजात बोलत होती, पोळी लाटताना बोलते तशी. बाप्तिस्म्याविना गेलेली इथली सगळी पोरं याच वळचणीखाली आहेत. बेतीच्या आजीच्याही आधीपासूनची. पाऊस चर्चच्या छपरावर पडतो, देवाच्या घरावरून उतरतो आणि त्यांच्यावर पडतो. त्याला पाद्री लागत नाही, नाव लागत नाही, श्वासही लागत नाही. प्रत्येकाची एक गारगोटी. इथल्या कुठल्याच पाळकाला हे कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर त्याला नाही म्हणावं लागेल.

"बेतीनं मला विचारलं होतं, त्यांना सांगू का," गेनोर म्हणाली. "मीच नको म्हटलं. तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मग मला तुमच्याबरोबर राहता आलं नसतं."

मी विचारलं, कुठली. तिनं हात ठेवला. मी सारलेल्या गारगोटीपासून तिसरी. फावडं तिथून दोन हातांवर होतं.

मी तिच्याशेजारी बसलो. शरम वाटली, एवढी की तिच्याकडे बघता येईना. आणि शरमेच्याही खाली, अडीच वर्षांनी, माझी मुलगी मेली आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं. मी रडलो. गेनोरनं पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. यूपाशी शादरक उभा होता, तो पाठ फिरवून फाटकाकडे गेला.

१३ जून

ढेकळं परत बसवली. गारगोटी जागेवर ठेवताना शादरक आला आणि म्हणाला, बोटभर डावीकडे. मग म्हणाला, "तिथं माझ्या दोन बहिणी आहेत. एक या पहिलीखाली, एक मधलीखाली." न्यूटाउनला नको म्हणून निरोप धाडला.

२६ जून, सोमवार

विशारदांचं पत्र. उत्तरेची पन्हळ न लावल्यास चित्र दहा वर्षांत नाहीसं होईल, जबाबदारी त्यांची नाही. बरोबरच आहे त्यांचं.

मी आठवडाभर मार्ग शोधतो आहे. चर न खणता नुसती पन्हळ लावली तर? थेंब पडणार नाहीत. थेंब पडू दिले तर भिंत ओली राहणार. यातून पळवाट नाही. मी देवदूतासमोर उभा राहून चक्क त्याच्याशी हुज्जत घातली. चारशे वर्षांत इतक्या सुंदर लाल रंगाचं दुसरं काही या खोऱ्यात कुणी केलेलं नाही. मी ते माझ्या हातांनी उजेडात आणलं. ते जाणार म्हणून माझा जीव तुटतो आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही असं मी ठरवलं आहे. बिशपांचीही गोष्ट आहेच. बिशपांच्या कॅथेड्रलमध्ये पाळकाची एक जागा रिकामी होते आहे, हे त्यांनी सहज म्हणून पत्रात लिहिलं होतं.

शादरकला सगळं सांगितलं. म्हटलं तर आता तोच माझा सल्लागार. त्यानं चित्राशेजारच्या भिंतीला बोट लावून ओल पाहिली. "उघडं पाडलंत म्हणून मरतंय," तो म्हणाला. "चुन्याखाली एवढी वर्षं धडधाकट होतं. भिंत ओली होतीच की तेव्हाही. चुना ओल पितो आणि बाहेर सोडतो. झाकून टाका. दर वसंतात एक हात द्या."

"मग ते कुणाला दिसणार नाही."

"खाली आहेत ती तरी कुणाला दिसतात?"

३ जुलै

आज चुना दिला. शादरक म्हणाला, मी देतो. मी नाही म्हटलं. पायापासून सुरुवात केली. भुतं गेली, पारडी गेली, पंख गेले. मरियेचा हात शेवटपर्यंत ठेवला होता. ती लबाडी करत नव्हती असं मला आता वाटतं, पण या विषयावर प्रवचन देण्याचं धाडस माझ्यात नाही. दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली. हातांना चुना चावला आहे, गेनोरनं लोणी लावलं.

काल बाकं भरली होती. बायका सगळ्या आल्या. बेतीनं जाताना माझ्या हातावर नुसती थाप मारली. माझ्या खुर्चीवर लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड ठेवलेले होते, कुणी ठेवले ते कळलं नाही.

६ ऑगस्ट, रविवार

बिशप आले. छपराची, जाळीची तारीफ केली, चौदाही चौकटी फिरून पाहिल्या. मग उत्तरेच्या भिंतीसमोर उभे राहिले.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"चुन्याखाली. सुखरूप."

त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ओल. खोटं नव्हतं. ते बाहेर गेले, वर बघितलं, पन्हळ नाही हे त्यांना दिसलं, खाली बघितलं. गारगोट्यांकडे बघत ते क्षणभर थांबले आणि मला वाटलं, आता विचारणार. म्हातारा माणूस आहे, डोंगरातल्याच एका फार्मवर जन्मलेला. त्यांनी गारगोट्यांना वळसा घातला, एकीवरही पाय पडू दिला नाही, आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

कॅथेड्रलच्या जागेचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून धो धो पाऊस. मी प्रवचन अर्धवट टाकून उठलो. गेनोर शाल शोधत होती. ती माझ्याकडे बघून थांबली. मी म्हटलं, चल, मीही येतो.

उत्तरेला उभे राहिलो. पागोळ्या गारगोट्यांवर पडत होत्या, एकेकीवर, सारख्या.  मग मी विचारलं, "तू तिला कुठल्या नावानं हाक मारतेस?" एवढं विचारायला मला दोन महिने लागले होते.

"कुठल्याच नाही," ती म्हणाली. "एकटीनं कसं ठेवणार नाव? तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते."

घरी आलो, कपडे बदलले, चुलीपाशी बसलो. तिच्या मनात तिच्या आजीचं नाव आहे, तांगविस्त. मी म्हटलं, एवढंसं पोर आणि केवढं ते नाव. मी नेस्त सुचवलं. ती म्हणाली की नेस्त नावाची तिच्या मावशीकडे एक गाय होती. मग मी लेइकी म्हटलं, ते तिला ऐकायला बरं वाटलं, पण पूर्ण पसंत नाही. दुपारचं जेवण करपलं. अजून ठरलेलं नाही.